भिंगरीची राखण

६ जानेवारी १९६९, सोमवार
भिंगरीने आज पुन्हा शेजारच्या मेरीबायच्या कोंबड्या आमच्या मोरीत कोंडल्या. एकीच्याही पिसाला धक्का नाही. ही दारात पोट टेकून बसलेली, आता काय देता अशी.
मेरीबाय म्हणाली, "आता अंडी पण तुमच्याकडेच घालू दे त्यांना. भाडं तेवढं माझ्याकडून घेऊ नका."
यांच्या ऑफिसातल्या शिपायाने गावच्या धनगराकडून आणलेली कुत्री. बोरिवलीत हिला मेंढरं कुठून आणू? अंगणात हलेल ते वळते. घडीभर पाय ठरत नाही. पण हुशार. देवघराच्या उंबऱ्याशी थांब म्हटलं, तर पहिल्याच दिवशी शिकली. दळण मात्र वाढलं.

९ जाने., गुरुवार
उपास. मामंजी पुन्हा निघाले. डोक्यावर टोपी, हातात रिकामा डबा. "पयली पाळी चुकतली." गिरणी सोडून किती वर्षं झाली हे सांगून उपयोग नाही. माझं लक्ष चुलीकडे होतं. थेट रुळांपर्यंत पोचले. गेटमनने हात धरून आणलं. म्हणाला, "बाई, सिग्नल पडला होता."
कडी लावली की दारावर डोकं आपटतात. हे दिवसभर ऑफिसात. मी दत्तापुढे बसले, जपात चित्त नाही.

१२ जाने., रविवार
हे म्हणाले, "अण्णांवर कुणीतरी लक्ष ठेवायला हवं."
कुणीतरी म्हणजे कोण ते न बोलताच कळतं.

१३ जाने., सोमवार
कोंबड्यांमागे भिंगरी "वळव" हा शब्द शिकलीच आहे. मामंजी अंगणाच्या टोकाला चिंचेपाशी पोचले. मी हळूच म्हटलं, वळव.
वळसा घालून पुढे गेली. मान खाली, डोळे त्यांच्यावर. भुंकणं नाही. ते डावीकडे, ही डावीकडे. मग पोटरीला नाकाने ढोसलं. आले मागे.
तिला शिळ्या भाकरीचा तुकडा दिला. यांना बोलले नाही.

१६ जाने., गुरुवार
आता सांगावंही लागत नाही. चिंच आली की भिंगरी आडवी. मी पदरात तुकडे बांधूनच ठेवते. दुपारी पाठ टेकली, कित्येक महिन्यांनी. देवाने सोय केली म्हटलं.

२१ जाने., मंगळवार
हळदीकुंकू. चाळीतल्या सगळ्या आल्या होत्या.
मामंजी निघाले, आणि भिंगरीने आणले परत, बायकांच्या मधूनच. सवयीने पदराची गाठ सोडून तिला तुकडा टाकला. मामंजी तिच्या शेजारी उभे. त्यांनीही हात पुढे केला.
आज पहिल्यांदा नव्हे ते. शनिवारीही केला होता. तेव्हा मी तुकडा दिला होता, त्याच गाठीतला. इथे लिहिलं नाही.
कदमवहिनी म्हणाल्या, "काय गं, तुझ्याकडे कुत्रं एक की दोन?"
सगळ्या हसल्या. मी हसले. सगळ्या हसताहेत म्हणून मामंजीही हसले, हात तसाच पुढे.
मेरीबाय तेवढी हसली नाही. ताटातला तिळगूळ उचलून त्यांच्या हातावर ठेवला. "घ्या बाबा. गोड बोला." माझ्याकडे बघितलं नाही तिने.
ज्या हाताने कुंकू लावलं त्याच हाताने

२२ जाने., बुधवार
यांना सांगितलं. अर्धंच, कुत्री वळवून आणते एवढं. खूश झाले. "बघ, म्हणत होतीस ना कशाला आणली? अण्णा सुखरूप आहेत, मग झालं तर."
झालं कसं. तुकड्याचं सांगायला तोंड उघडलं, तर म्हणाले जेवायला वाढ.
कदमवहिनींचा राग येत नाही. मी हसले त्याचं काय करू.

२५ जाने., शनिवार. रथसप्तमी
पदरात तुकडे बांधणं बंद. रोज स्वतः हात धरून मामंजींना देवळापर्यंत न्यायचं ठरवलं. काम पडलं तर पडो.
चिंचेपाशी भिंगरी आडवी. "नाही गं, सोड" म्हटलं. ऐकेना. मीच घातलेलं वळण. माझ्या पोटरीलाही ढोसलं.
मामंजी म्हणाले, "नको गो. ती सोडूची नाय." आणि आपणहून मागे फिरले.

३० जाने., गुरुवार
मामंजी निघतच नाहीत आता. सकाळी टोपी घालतात, डबा मांडीवर घेऊन ओट्यावर बसतात. पाळीचं नाव नाही. हे म्हणतात अण्णा सुधारले.
पोथी उघडली. मिटली.

३ फेब्रुवारी, सोमवार
भिंगरीला खांबाला बांधलं. दोरीभोवती गरगरली, मग बसली कान टवकारून.
"मामंजी, चला, देवळात जाऊन येऊ."
उठताना आधी तिच्याकडे बघितलं त्यांनी. माझ्याकडे नाही. मग उठले. सावकाश चिंचेपर्यंत आलो. रस्ता मोकळा. तिथे थांबले.
म्हटलं, "ती बांधलीय. चला."
त्यांनी हात पुढे केला, तळवा वर. धर म्हणून की भाकरीसाठी, मला कळलं नाही.
मी धरला. दोघं तिथेच उभे राहिलो.