नौपाड्याचं छत आणि ह्यांची काठी

डोंबिवली

ती. मधुदादास, सरोजचा सा. न.

तुझा गुडघा आता वळत असेल. वहिनींचा घसा बसलाय म्हणे. तेवढीच तुला विश्रांती. फोन न करता लिहितेय, कारण फोनवर बोलायला लागलं की हे शेजारी बसून माझी वाक्यं दुरुस्त करतात.

तर तुझ्या मेहुण्यांचा पराक्रम ऐक. कोळशाच्या खाणीत ह्यांनी जन्मभर एकच काम केलं: डोक्यावरचा खडक हलतोय का ते बघणं. काठीने छत ठोकायचं. खणखणीत वाजलं तर काम चालू, बद्द वाजलं तर सगळे बाहेर. (माठ घेताना मीही हेच करते, मला कुणी पेन्शन देत नाही.) फट दिसली की तिच्यावर आडवी काचेची पट्टी चिकटवायची, खडक केसभर सरकला तरी काच तडकते. निवृत्त झाल्यावर खाण सुटली, काठी सुटली नाही. आमच्या प्रत्येक खोलीत काचा आहेत.

हे घरापुरतं असतं तर मी गिळलं असतं. पण गेल्या रविवारी ऋजुताच्या लग्नाची बोलणी करायला नौपाड्यात शौनककडे गेलो. पोरांचं आपापसांत ठरलेलंच; आपण पोहे खाऊन माना डोलवायच्या. शौनकच्या आईने, मेघनाताईंनी, कौतुकाने नवं पीओपीचं छत दाखवलं. झालं! ह्यांनी काठी उचलून ठोकलं. बद्द वाजलं. (खोटं छत बद्द नाही तर काय सनईसारखं वाजेल?) "सगळे बाहेर व्हा!" हे ओरडले. कुणी हललं नाही, फक्त माझी मान खाली गेली. मग हे स्टुलावर चढले, छतातला एक दिवा उपसला, वरच्या स्लॅबला फट आहे म्हणाले आणि खिशातली काच तिथे चिकटवली. (मुलीच्या बोलण्यांना बाप खिशात काच घेऊन जातो!) मेघनाताई म्हणाल्या, "आम्ही कळवतो." त्या 'कळवतो'चा अर्थ तुला माहीत आहे, तुझ्या वेळी चार ठिकाणांहून आला होता. ऋजुता बापाशी बोलत नाही. हे लग्न मोडलं तर मीही बोलणार नाही.

अशा माणसाला तूच येऊन सुनाव, आणि जाताना ती काठी घेऊन जा.

तुझी,
सरोज

ता. क. पाकीट चिकटवणार तोच मेघनाताईंचा फोन. काच तडकली. इंजिनिअरने घर रिकामं करायला सांगितलंय. लग्न पक्कं, आणि ह्यांच्या आग्रहावरून त्यांच्या घरचे चौघं उद्या सामानासकट आमच्याकडे राहायला येतायत. ऋजुता बापाच्या गळ्यात पडून रडली. हे मला एका शब्दाने बोलले नाहीत, नुसती काठी पुसत बसलेत. तेच जास्त लागलं.

ता. क. २. खरं तर पत्र ह्याचसाठी लिहायला घेतलं होतं, पण हात वळेना. परवा जळमटं काढताना आमच्या बेडरूममधली काच तडकलेली दिसली. झाडूचा धक्का असेल असं मनाला समजावलं, पण झाडू तिथवर पोचत नाही. नौपाड्याहून होकार येण्याआधी घरातून पळालो असतो तर सोयरीक संपलीच होती, म्हणून ह्यांना सांगितलं नाही, आणि आता कुठल्या तोंडाने सांगू? तेव्हापासून आम्ही हॉलमध्ये झोपतोय, मी उकाड्याचं निमित्त केलंय. तुझ्या कल्याणच्या घराचा वरचा मजला रिकामा आहे ना? पत्र शेजारच्या कमलेशच्या हाती पाठवतेय. मिळताच फोन करून, तुलाच सुचल्यासारखं, सातही जणांना बोलावून घे. काठी न्यायला येऊ नकोस. आम्ही घेऊनच येतोय.