बाईचा वावर

नांदुरा, १२ मार्च १९६१

जनकामावशी,

परवा कचेरीत तू म्हणालीस, "थे माहं वावर हाये, साहेब." पुण्याहून आलेले साहेब मला म्हणाले, "लिहा, सदर शेतात बाईचा वावर असतो." म्हणजे तू तिथं नुसती हिंडतेस! तेवढ्यावर शेत तुझ्या दिराच्या नावावर चढलं.

वावर म्हणजेच शेत, एवढंच मला सांगायचं होतं. पण साहेब नुकतेच म्हणाले होते, "तुम्ही इकडचे वाटतच नाही, किती शुद्ध बोलता!" मी तसंच लिहिलं. तुझा अंगठाही मीच धरून उठवला.

थू त्या शुद्ध बोलण्यावर! हे पत्रही त्यातच लिहितोय, शिसारी येते.

तू बाहेर सांगत होतीस, "माह्या भाच्यानं लिवलं, मंग बरोबरच असन."

तुह्या वावराचा चोर,
निवृत्ती