बोटीवरचा भोंगा

उमापूर शिवार, नदीकाठची वस्ती
गुरुवार, सकाळ

ती. रामहरी दाजी यांच्या पायांवर अजिनाथचं डोकं (लांबूनच ठेवतोय, मधे गोदावरी आहे).

इकडं आम्ही सगळे धड आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? बैलानं लाथ घातलेला नव्हे, दुसरा. थोरला विजू दोन वर्षांचा झाला, दिवसभर कोंबड्यांमागं पळतो. धाकटी तीन महिन्यांची झाली. तिचं नाव अजून ठेवलेलं नाही, दवाखान्याच्या कागदावर 'सुनिताची मुलगी' एवढंच आहे. त्याचं कारण तुम्हाला माहीत आहे, आणि माझी मान अजून खालीच आहे. फोन केला असता, पण तुमचा फोन अक्काच उचलते, माझा 'हॅलो' ऐकते आणि ठेवून देते. म्हणून हा कागद सटवाकाकाच्या हाती पाठवला. सटवाकाका म्हणजे आमच्या बोटीचा नावाडी. त्याला चहा पाजा, पण काही विचारू नका. त्याला खरं बोलायची सवय आहे.

तर बोट घेतली, दाजी. हसू नका. तुमच्या गावाला गाडीनं यायचं तर शहागडच्या पुलावरून जगाचा वळसा पडतो, आणि बोटीनं पंधरा मिनिटं. बाजारची माणसं ने-आण करावीत, एखादी वरात मिळाली तर न्यावी, असा धंद्याचा विचार केला (दुसरा काही विचार नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो). आता वरात म्हटलं की वाजाप पाहिजे. बोट मुकी असली तर तिच्यात नवरदेव कावून बसंल? म्हणून स्पीकर बघायला लागलो, आणि तिथून माझ्या अकलेचे दिवे लागले.

तुम्ही म्हणाल, या माणसाची माइकची हौस अजून फिटली नाही का? बरोबर आहे. विजूच्या बारशाला मी काय दिवे लावले ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. अक्का पाळण्यावर वाकली होती, कुर्रर्र म्हणून बाळाच्या कानात नाव सांगायचा मान तिचा, बाया तिच्या पाठीत बुक्क्या घालायला मुठी वळून उभ्या, आणि तेवढ्यात मी मांडवात भाड्याचा माइक हातात घेऊन गर्जलो, 'पोराचं नाव विजयसिंह!' साऱ्या उमापूरनं ऐकलं. अक्कानं कानातलं कानातच ठेवलं, आहेराची साडी पाळण्याच्या दोरीवर टाकली आणि तुम्हाला उठवून घेऊन गेली. तुमच्या ताटातला बुंदीचा लाडू तसाच राहिला. तिनं काय नाव आणलं होतं हे आजवर कोणालाच माहीत नाही. आत्याच्या तोंडचा घास काढून घेणारा भाऊ आपल्या भागात तरी मी एकटाच असेन.

असो. स्पीकरचं सांगत होतो. पहिल्यांदा घरच्या ट्रॅक्टरवरचे लाकडी बॉक्स काढून बोटीला बांधले. म्हटलं, उसाच्या ट्रॉलीवर चार हंगाम वाजलेत, इथं काय धाड भरणार? दोन फेऱ्यांत पाणी उडून उडून त्यांचं प्लायवूड असं फुगलं की झाकणच बसेना, आणि गाणारी बाई सर्दी झाल्यासारखी गायला लागली. सटवाकाका म्हणाला, 'मालक, हिला काढा प्यायला द्या.'

मग गेवराईला गेलतो, धोंडीरामशेठच्या साउंडच्या दुकानात. त्यानं एकच विचारलं, 'किती मानसं नाचनार?' मी म्हटलं, नाचणार कोणी नाही, सगळी बसून येणार. त्याला ते पटलंच नाही. त्यानं कपाटाएवढे दोन बेस दिले आणि मी ते घेतले (मला वॅटचा आकडा मोठा दिसला की माझी अक्कल गहाण पडते). बोटीत ठेवले तर पाणी बोटीच्या कडेच्या खाली जेमतेम चार बोटं राहिलं. गाणं लावलं तसं फळ्या गुरगुरायला लागल्या, बाकड्याचे नटबोल्ट ढिले झाले, आणि पायाशी एका सांध्यातून गोदामाई हळूच आत आली. छबुबाई बाजारला कोंबडी घेऊन निघाली होती. कोंबडीनं एकदा बेसकडं बघितलं, एकदा नदीकडं बघितलं, आणि नदी पसंत केली. सटवाकाकानं जाळं टाकून काढली. तेव्हापासून तिनं अंडं दिलं नाही, आणि छबुबाई रोज सकाळी दारात येऊन हे मला सांगून जाते.

तिसऱ्यांदा मी शहाणा झालो. म्हटलं, वॉटरप्रूफ पाहिजे. धोंडीरामशेठ म्हणाला, 'डोळे झाकून न्या.' मी डोळे झाकणाऱ्यांतला नाही. घरी आणला, सुरू केला आणि गाणं चालू असताना हौदात बुडवला. लई जोरात बुडबुडे आले. गाणं काही आलं नाही. परत घेऊन गेलो तर शेठ कपाळाला हात लावून म्हणतो, 'पावसाचं पानी म्हनलो होतो मी, हौदाचं न्हाई!' दाजी, मला वाद घालता आला असता, पण दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती आणि माझ्या हातातल्या पिशवीतून पाणी ठिबकत होतं.

घरी आल्यावर सुनिता म्हणाली, भोंगा लावा. देवळावर असतो तसला, पत्र्याचा. मी लई नाक मुरडलं. म्हटलं, भोंग्याला बेस नसतो, नुसता गळा असतो. त्यावर ती धाकटीला मांडीवर थोपटत म्हणाली, 'तुमाला बोलायचंय का नाचायचंय?'

शेवटी भोंगा घेतला. आता यातला मी जाणकार झालोय म्हणून सांगतो. तोंडाला पोचा नको, आत गंज नको, टिचकी मारली की भांड्यासारखा वाजला पाहिजे, आणि गाणं लावून पारखायचा नाही, माणसाचं बोलणं ऐकून पारखायचा. असा एक चांगला मिळाला. सटवाकाकानं तो बोटीच्या टोकाला बांबूवर बांधला, तोंड तुमच्या काठाकडं करून. मी म्हटलं, काका, गिऱ्हाईक आपल्या काठावर, तोंड तिकडं कावून? तर म्हणाला, 'वाऱ्याचा अंदाज असतो मालक, तुमाला न्हाई कळायचं.' मंगळवारी दुपारी चाचणीला निघालो. माइक गळ्यात अडकवला, हॅलो हॅलो केलं, पण मागं इंजिनचा फटफटाट आणि भोंगा पुढं तोंड करून, मला काहीच ऐकू येईना. चौथाही गेला, असं समजून मी नाद सोडला. मग मधोमध बराच वेळ आम्ही दोघं घिरट्या घालत इकडच्या तिकडच्या गप्पा मारत बसलो, आणि परत आलो. एवढीच हकीकत. धंद्याची बातमी तुम्हाला असावी म्हणून कळवली.

अक्काला माझा... नको, राहू द्या.

तुमचा मेव्हणा (अजून असेन तर)
अजिनाथ

ता. क. सटवाकाकाबरोबर सीताफळांची पाटी पाठवली आहे. अक्काला डोळे उघडलेली, मऊ लागतात, तशीच निवडली आहेत. झाडाला आपोआप आली म्हणून सांगा, माझं नाव काढू नका.

ता. क. २. मंगळवारी दुपारी तुमच्या काठावर कोणी काही मोठ्यानं ऐकलं असेल, तर तो सटवाकाका होता. त्याला एकट्यानं बडबडायची खोड आहे.

ता. क. ३. दाजी, सटवाकाकानं वरचं वाचून घेतलं आणि बोटीत बसायलाच तयार होईना. तर ऐका, तो मीच होतो. भोंगा गेला नव्हता, चांगला ठणठणीत होता. काल तुमच्याकडची भामाबाई बाजारला आली, तिनं मला आख्खं भाषण म्हणून दाखवलं. 'अक्काचा मान मी खाल्ला, मी गाढव हाय,' हे तिकडं देवळापर्यंत गेलं म्हणे. 'पोरीला नाव न्हाई ठेवनार, अक्का येईस्तोर बिननावाची ऱ्हाईल,' हेही गेलं. पुढं मी रडलो तेही गेलं, आणि धोतरानं नाक शिंकरलं तेसुद्धा गेलं. मला सगळ्या गावाचं काही नाही. मला एकच सांगा, त्या वेळी अक्का घरात होती का शेतात? तिनं ऐकलं का? ऐकून काही बोलली का? रविवारी सकाळी बोट तुमच्या काठाला लावतो. तुम्ही दोघं या. पाळणा बांधून ठेवलाय. नाव अक्कानं सांगावं, जे सांगेल ते. भोंगा उतरवून माळ्यावर टाकलाय आणि माइक सुनितानं कुलपात घातलाय, चावी माझ्याकडं नाही. बोटीत फक्त गोधडी अंथरली आहे, तुमच्या गुडघ्यासाठी.

दाजींना व अक्कांना सुनिताचा नमस्कार. हे गुरांना पाणी पाजायला गेलेत तोवर दोन ओळी लिहिते. माइक चालू आहे हे सटवाकाकांना ठाऊक होतं. भोंग्याचं तोंड तुमच्याकडं करायला मीच सांगितलं होतं, आणि ह्यांना अर्ध्या नदीत बोलतं करायलाही. ह्यांना जन्मात सांगू नका. अक्का, पोर माझ्या मांडीवर आहे, तिच्या कानात अजून कोणी काही बोललेलं नाही. या.