आबामामांच्या ओळीवरचे ठिपके

२ एप्रिल १९९७
रोजनिशी एक जानेवारीपासून लिहायची होती. जानेवारीत वही नव्हती. फेब्रुवारीत वही होती, पण मी गोव्याला होतो. मार्चचं आठवत नाही. आजपासून खंड नाही.
धनश्रीचं लग्न चार मेला. बहिणीची पत्रिका मीच कॉम्प्युटरवर करणार, असं घरात जाहीर केलंय. आईची एकच अट: सगळ्यात खाली, ठळक अक्षरात आबामामांचं नाव. वडील गेल्यावर त्यांनीच आम्हाला वाढवलं.

३ एप्रिल
सावेडीत भागवतशेठच्या डीटीपी सेंटरात बसलो. पडद्याच्या खालच्या भागात रंगीत ठिपके, अक्षरांचा चिवडा. शेठ म्हणाले, डिस्प्ले कार्डाची मेमरी तेवढ्या भागापुरती बिघडलीय; फाइल चांगली असते, दिसतं तेवढं वाईट. स्क्रीन छोटा ठेव, रंग कमी ठेव, मग त्या भागाला हातच लागत नाही.
ही पळवाट झाली. मी ड्रायव्हर सुधारणार. म्हणजे कार्डाला कुठं काय रंगवायचं ते सांगणारा प्रोग्रॅम. त्याला एवढंच सांगायचं, तिकडं जाऊ नको. दोन दिवसांचं काम.

५ एप्रिल
दोस्त बन्सीचा टेम्पो श्रीगोंद्याला निघाला होता, बसलो. प्रवासात विचार चांगला होतो. बन्सी म्हणाला, तुझ्या ड्रायव्हरपेक्षा मी बरा, खड्डा चुकवतो तरी.

९ एप्रिल
ड्रायव्हरची फाइल उघडली. आत नुसती भुतं, एक अक्षर वाचता येईना. एक आकडा बदलला. मशीन सुरूच होईना. शेठनी फ्लॉपीवरून जुना ड्रायव्हर टाकला. मग चहा एकच मागवला, स्वतःपुरता.

१० एप्रिल
छोटा स्क्रीन करून पाहिला. ठिपके गेले, मान्य. पण पत्रिका मावेना, सारखी वरखाली सरकवायची. असं कलेचं काम होत नसतं. परत मोठा केला.

१२ एप्रिल
तोडगा सापडला. जिथं ठिपके, तिथं सिलेक्ट करून डिलीट. तीनदा केलं. ठिपके हटेनात, म्हणून पडद्यावर त्या जागी कॅलेंडरचा कागद चिकटवला. डोळ्याला शांत वाटलं. शेठ म्हणाले, प्रिंट काढून एकदा वाच. वाचायचं काय, मीच तर लिहिलंय. केडगावच्या छापखान्यात देऊन आलो.

१७ एप्रिल
पाचशे पत्रिका आल्या. एकीवरही ठिपका नाही. पद्धत सिद्ध झाली.

रात्री
आईनं पत्रिका वाचली. परत वाचली. मग उलटी करून मागं पाहिलं. म्हणाली, आबाचं नाव कुठंय रे? मी तिला मेमरी समजावून सांगितली. ती उठून आत गेली. धनश्री म्हणाली, दादा, शिकायला दुसऱ्या कुणाचं लग्न घ्यायचं होतंस.

१८ एप्रिल
नाव हातानं लिहितोय. चकचकीत कागदावर शाई पसरते. अकरा झाल्या. बन्सीनं खालून हाक मारली, गेलो नाही. मामा हळदीलाच येणार. तोवर पाचशे सहज होतात.

१९ एप्रिल, सकाळी साडेनऊ
तेविसावी लिहीत होतो. दारात आबामामा. पहिल्या येष्टीनं निघाले म्हणे. पाणीही न पिता म्हणाले, शंभर दे हिकडं, आमच्या भागात मीच वाटतो. मामाचं नाव कसं छापलंय, बघू दे की लोकास्नी.
आई स्वयंपाकघरातून बाहेर येत नाही. लिहिलेल्या बावीस वर ठेवून गठ्ठा दिला. मामांनी पत्ते काटावेत तसा तो मधूनच उघडला. आता चष्मा शोधतायत.