दोर माझ्या हातात

सोमवार, ४ जून

(कॅलेंडर पाणी आलं त्या वर्षीचं आहे. आज खरोखर जून आहे की काय, कोण जाणे. पण तारखेशिवाय शिस्त नाही आणि शिस्तीशिवाय मी नाही.)

पंपवाले काकांनी सकाळी सगळ्यांना मीटिंग रूममध्ये बोलावलं. वास्तविक मीटिंग बोलावण्याचा अधिकार माझा. ही इमारत समुद्राखाली जाण्यापूर्वी मी इथे उपव्यवस्थापक (प्रशासन) होतो आणि मला कमी केल्याचं पत्र अद्याप मिळालेलं नाही. असो. काका म्हणाले, पाण्यातून हवा काढणाऱ्या पंपाचं चामडं फाटत आलंय, दुसरं नाही, महिना निघाला तर नशीब. पंप थांबला की आतली हवा दोन-तीन दिवस पुरेल.

मी उभा राहिलो आणि तिथल्या तिथे मोहीम जाहीर केली. सगळ्यांनी तळावरून चालत टेकडीवर जायचं. तिचा माथा पाण्याबाहेर आहे असं म्हणतात. नेतृत्व अर्थात माझं. कुणीही हरकत घेतली नाही. काका, शिंपीणबाई, सगळे खाली बघत होते. याला आदर म्हणतात.

बायकोनं तेवढ्यात विचारलं, तुम्ही पोशाख एकदा तरी अंगात घालून बघितलाय का. पाणी आल्यापासून मी इमारतीबाहेर पाऊल टाकलेलं नाही, हे तिला चारचौघांत काढायची काही गरज नव्हती. मी म्हणालो, योग्य वेळी घालीन.

मंगळवार, ५ जून

माझ्या कामाबद्दल लोकांचे गैरसमज आहेत म्हणून लिहून ठेवतो. बाहेर जाणाऱ्याच्या कमरेला दोर असतो. तो भिंतीतल्या भोकातून आत येतो, आणि आत, फिरत्या खुर्चीवर, मी. एक हिसका म्हणजे ठीक. दोन म्हणजे थांबा. तीन म्हणजे ओढा. बायको रोज शिंपले आणि शेवाळ आणायला जाते. ती जाते, पण सूत्रं माझ्याकडे असतात. दोर चौकाच्या पलीकडपर्यंत पुरतो. तिथं प्रवाह फार ओढतो, माणूस वाहून जाऊ शकतो. चौक ओलांडला की दोर सोडायचा आणि पुढे ज्याचं त्यानं बघायचं.

पोरगी दिवसभर खिडकीशी. बाहेर तिची ती मावशी येते. मावशी म्हणजे ऑक्टोपस, दोन पलंगांएवढी. काचेवर टकटक करते, पोरगी उलट टकटक करते आणि दोघी तासन्‌तास गप्पा मारतात. काय बोलता म्हणून विचारलं तर म्हणते, असंच, घरचं. मला टकटक येत नाही. शिकायला वेळ कुठे आहे.

गुरुवार, ७ जून

सराव सुरू. पद्धत सोपी आहे. व्हिजिटर्स रूमची आम्ही भिजखोली केली आहे. आतलं दार लावायचं, नळ उघडून खोलीत पाणी घ्यायचं, ती भरली की बाहेरचं दार उघडून रस्त्यावर. मी पोशाख घातला, हेल्मेट घातलं, आत गेलो. पाणी घोट्यापर्यंत आलं आणि मोहिमेचा नकाशा टेबलावरच राहिल्याचं आठवलं. घंटी दाबली. काकांनी पाणी काढलं. मी नकाशा नीट घडी घालून ठेवला. तोवर अकराचा देवमासा खिडकीवरून गेला, इमारत हादरली, आणि अशा वेळी सराव करू नये असा माझाच नियम आहे.

शनिवार, ९ जून

आज गुडघ्यापर्यंत. ही प्रगती नाही तर काय. गुडघा दुखू लागला, जुनं दुखणं आहे. शिंपीणबाईंनी पोशाख कमरेत सैल करून दिला आणि म्हणाल्या, आता सबब उरली नाही साहेब. मी हसलो. माणसं तणावाखाली काहीही बोलतात.

संकल्प: सोमवारी गळ्यापर्यंत.

सोमवार, ११ जून

सराव रद्द, कारण बायको पाहणीला टेकडीवर गेली. माझ्याच आदेशाने गेली असं म्हणता येईल. मावशी पुढे, ही मागे. चौकापर्यंत व्यवस्थित एकेक हिसका येत होता. मग दोर सोडला तिनं, आणि तो सैल पडला.

दोर सैल पडला की मला खुर्चीतून उठवत नाही. हे कुणाला सांगता येत नाही. दिवसभर तो रिकामा दोर हातात धरून बसलो. पोरगी दोनदा जेवायला बोलवायला आली. तिला म्हटलं, कामात आहे.

दिवस कलता कलता हिसका आला. एकच. जिवात जीव आला.

बायको म्हणते, टेकडी आहे. वर माणसं आहेत, वारा आहे, गवत आहे, आणि हवेचा चांगला पंप आहे. तिचं नाक उन्हानं लाल झालं होतं. पोरीसाठी एक पान आणलं. पोरगी पाण्यातच वाढली, तिनं हिरवं पान कधी पाहिलं नव्हतं. ती ते गालाला लावून बसली आहे. मी बायकोकडे सविस्तर अहवाल मागितला. ती बसल्या जागी झोपून गेली होती.

गुरुवार, १४ जून

धक्कादायक. शनिवारी निघायचं ठरलं, आणि वाट दाखवायला मावशी! म्हणजे मोहिमेचं नेतृत्व अशा व्यक्तीकडे, जिच्या शरीरात एक हाड नाही. मी निषेध नोंदवला. बायको म्हणाली, वाट तिलाच माहीत आहे. मी म्हणालो, वाट माहीत असणं आणि नेतृत्व करणं या भिन्न गोष्टी आहेत. काका खोकले.

मग बायको म्हणाली, दोर या वेळी खांबाला बांधू, तुम्हीही आमच्याबरोबर ओळीत या. मी तिला शांतपणे समजावलं. खांबाला हिसका कळतो का? चौकात कुणी वाहून जाऊ लागलं तर खांब ओढणार का? कुणीतरी आत हवंच. तुम्ही चौक ओलांडला की मी मागून निघतोच, पाचवी बाटली तोवर भरून घेतो. तिनं दोर उचलून माझ्या खुर्चीपाशी ठेवला. पटलं असावं.

शनिवार, १६ जून

मोहिमेचा पहिला दिवस. सविस्तर लिहितो, कारण उलटसुलट बोललं जाईल.

रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबांवर जेलीफिश बसले होते, त्यामुळे उजेड बरा होता. मावशी पुढे, मग बायको, पोरगी, शिंपीणबाई, शेवटी काका. सगळे एका दोराला. पोरीनं जाताना मागं वळूनसुद्धा बघितलं नाही, इतकी खूश होती. चपलांच्या दुकानापर्यंत मला खिडकीतून दिसत होते. मग दिसेनासे झाले. फक्त दोर, सरकत चाललेला.

चौकाच्या जवळपास मला तीन हिसके जाणवले. स्पष्ट. निदान दोन तरी नक्की, आणि तिसऱ्यासारखं काहीतरी. मी जिवाच्या आकांतानं ओढू लागलो. हाताची सालं निघाली. ओढत ओढत सगळ्यांना भिजखोलीपर्यंत परत आणलं.

हेल्मेटं काढल्यावर कळलं की कुणीच हिसका दिला नव्हता. काका म्हणाले, आम्ही चौक जवळजवळ ओलांडला होता. शिंपीणबाईंचा खांदा दिव्याच्या खांबावर आपटला, त्या रडत होत्या. बाटल्यांमधली हवा संपली. आता पुन्हा भरायच्या म्हणजे पंप जोरात चालवायला हवा, आणि चामड्याचा तर जीव निघाला आहे.

मी म्हणालो, सुरक्षितता आधी. सगळे बाटल्या उचलून पंपाकडे गेले. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

रविवार, १७ जून

आभार मानणं तर लांबच राहिलं.

पोरगी खुर्चीपाशी आली. तिनं माझे सोललेले तळहात उलटे करून पाहिले आणि विचारलं, "बाबा, तुला आम्ही जायला नको होतं का?"

मी तिला हिसक्यांचं शास्त्र समजावून सांगू लागलो. ती ऐकून घेऊन खिडकीशी गेली आणि मावशीला काहीतरी टकटकवत बसली. मावशीनं आतल्या बाजूला, म्हणजे माझ्याकडे, एक डोळा वळवून बराच वेळ पाहिलं. लहान मुलांना सगळं कळत नसतं. हात आग आग करत आहेत.

सोमवार, १८ जून

काकांनी काल रात्रंदिवस पंप चालवला. चार बाटल्या भरल्या. पाचवी लावली आणि चामडं फाटलं. पंप बंद. इतकी शांतता या इमारतीत मी प्रथमच ऐकली.

चार बाटल्या, माणसं पाच. मी क्षणाचाही विलंब न लावता जाहीर केलं की मी थांबतो. आवाज अजिबात कापला नाही. खरं सांगायचं तर, इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. यालाच त्याग म्हणत असावेत. मात्र त्यागानंतर लोकांच्या डोळ्यांत पाणी वगैरे येतं अशी माझी समजूत होती. बायको नुसती पोशाखाच्या गुंड्या तपासत राहिली.

मंगळवार, १९ जून

गेले.

निघण्यापूर्वी बायकोनं माझ्यासमोर खुर्ची ओढली आणि मी कारकून असल्यासारखं एकेक वाक्य नीट सांगितलं. "अहो, ऐका. टेकडीवर पोचले की बाटली भरून मावशीबरोबर पाठवते. ती दोराला बांधेल. तीन हिसके बसले की ओढून घ्या, घाला आणि लगेच निघा. मावशी तुम्हाला घेऊन येईल. एका माणसाला एका वाटेपुरतीच पुरते, वर काही उरत नाही. आणि परवापासून चौकातला प्रवाह उलटतो, मग महिनाभर मावशीलाही येता येणार नाही. दुसरी बाटली पाठवता येणार नाही हो."

मी म्हणालो, या सूचना लेखी दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं माझा हात हातात घेतला, सोललेला होता म्हणून हळूच, आणि म्हणाली, "आज ओढू नका."

पोरगी गळ्यात पडली. पोशाखामुळे नीट जमलं नाही. तिच्या केसांना शेवाळाचा वास येतो, तो आला.

मी ओढलं नाही. हे ठळक नोंदवतो. हात दोरावर होते, एकदा तर चारदा हिसका बसल्यासारखं वाटलं, तरी मी ओढलं नाही, दातांत रुमाल धरून बसलो. मग दोर सैल पडला. मी त्याला धरून फार रडलो. इमारतीत दुसरं कुणी नसल्यामुळे कामकाजात व्यत्यय आला नाही.

संध्याकाळ. सगळ्या मजल्यांची पाहणी केली. दारं बंद, कागदपत्रं जागेवर. इमारतीचा पूर्ण ताबा आता माझ्याकडे आहे. डोकं जरा जड आहे.

संकल्प: बाटली आली की त्याच पावली निघायचं. घंटी दाबायची नाही. दाबली तरी पाणी काढायला आता कोण आहे.

बुधवार, २० जून, सकाळी

तीन हिसके. एक, दोन, तीन. अगदी स्वच्छ. असे असतात होय तीन हिसके.

ओढलं. हलकं होतं. भिजखोलीतून आत घेतलं. टोकाला बाटली, काठोकाठ भरलेली, काटा पूर्ण उजवीकडे. बाटलीच्या पट्ट्याला पोरीनं मारलेली गाठ, तिची गाठ नेहमी डावीकडे वळते. बाहेर खिडकीशी मावशी उभी आहे. बसली आहे. जे काय ते.

पोशाख चढवला आहे. सगळं तयार. पायात वजनं बांधली.

बुधवार, थोड्या वेळानं

नवीन उपकरण तपासल्याशिवाय वापरू नये. हा नियम मीच केलेला आहे, तो मीच कसा मोडू. म्हणून खुर्चीत बसून दोन श्वास घेऊन पाहिले.

काय हवा आहे! इथली हवा कालपासून शिळी झाली आहे, डोळ्यांपुढे ठिपके येतात. आणि ही मात्र ताजी. हिला कसला तरी वास आहे. त्या पानाला होता तो. म्हणजे हे गवत असणार. म्हणजे आत्ता पोरगी हेच नाकात घेत असेल.

यंत्र उत्तम. एक-दोन श्वास आणखी घेऊन खात्री करतो.

बुधवार, दुपारी

मध्यंतरी भिजखोलीच्या दारापर्यंत जाऊन आलो. नळाला हात लावला. गार होता.

मला पाण्याची भीती वाटते. इथे कुणी वाचत नाही म्हणून लिहिलं.

परत खुर्चीत बसलो आहे. मावशी काच वाजवते आहे, एकसारखी, आठही हातांनी. टकटक मला येत नाही, पण घाई चालली आहे असं वाटतं. तिला खुणेनं सांगितलं, पाच मिनिटं.

बाटलीचं काम फारच समाधानकारक आहे, श्वास कुठेही अडकत नाही. वरच्या लोकांनी मनापासून भरली आहे, गेल्यावर त्यांचे आभार मानायला हवेत. काटा निम्म्याच्या बराच खाली आला आहे, म्हणजे काटाही बरोबर चालतो. एवढी एक तपासणी पुरी करतो आणि निघतो.