मागच्या कव्हरवरची नावं

बाबा, शनिवारी तुमचा तो अल्बम मला सापडला आणि तेव्हापासून मी तुमच्यावर चिडलेली आहे. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, गेलेल्या माणसावर इतकं चिडू नये म्हणतात, पण राग काही विचारून येत नाही. दुबईत अल मनखूलच्या आमच्या घराजवळ जुन्या रेकॉर्ड विकणारं एक दुकान निघालं आहे. तुमची नात आता सोळा वर्षांची आहे, तिला या काळ्या तबकड्यांचं वेड लागलंय आणि दर शनिवारी ती मला तिथे ओढत नेते. ती रेकॉर्ड चाळते, मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून फोन बघते. या वेळी तिने एक कव्हर माझ्यापुढे धरलं आणि तो चेहरा मला लगेच ओळखू आला. तुमचा ब्रिटिश गायक. जगभर गाजलेला बँड सोडून त्याने काढलेला पहिला सोलो अल्बम. माझ्या लहानपणी फुजैराच्या आपल्या हॉलमध्ये, टीव्हीवर, याच चित्राची कॅसेट वर्षभर उभी होती.

तुमच्या बँडमध्ये तुम्ही तिघं होतात. तुम्ही गायचात, चाचा गिटार वाजवायचे आणि ड्रमवर तुमच्या तेलाच्या टर्मिनलचा मल्याळी स्टोअरकीपर. चाचा राजापूरचे, तुमच्याच टर्मिनलवर पंपांचं मेंटेनन्स बघायचे. शुक्रवारी नमाज आटोपून ते गिटार घेऊन थेट आपल्याकडे येतात, मागून चाची डबे घेऊन, आणि घर भरून जातं. हॉलमध्ये तुम्ही लोक इंग्रजी गाणी घासत बसता आणि स्वयंपाकघरात आई आणि चाची ओट्याला टेकून हसत असतात. एवढं कशाला हसायच्या कोण जाणे. आईला हिंदी धड यायची नाही, इंग्रजीचं तर नावच नको. सगळ्या फुजैरात तिला मनातलं बोलायला मराठी बाई म्हणजे चाची. चाचींकडे लायसन्स होतं आणि एक जुनी पांढरी गाडी. बाजारात जायचं तर चाची, माझ्या शाळेत जायचं तर चाची. आईचं दुसरं बाळ पोटातच गेलं तेव्हा तुम्ही ड्युटीवर होतात. तिला दवाखान्यात चाचींनी नेलं आणि चार दिवस आपल्या घरी स्वयंपाकही त्यांनीच केला. हे तुम्हाला माहीत होतं. माहीत असून तुम्ही ते केलंत, म्हणून तर राग येतो.

ती कॅसेट तुम्ही दुबईहून आणलीत. तेव्हा आखातात अशा कॉपी केलेल्या कॅसेटींचाच बाजार होता. पुढे गायकाचा फोटो, मागे गाण्यांची यादी, त्यातही दोन नावं चुकीची छापलेली, आणि बाकी कागद कोरा. तो कोरा कागद तुम्ही मला दाखवला होतात. मी नऊ वर्षांची. तुम्ही त्यावरून बोट फिरवलंत आणि म्हणालात, "बघ, दुसऱ्या कोणाचं नावसुद्धा नाही. गिटार, ड्रम, सगळं एकट्याने केलंय पठ्ठ्याने. ह्याला म्हणतात आर्टिस्ट." तुम्ही इंजिनियर होतात बाबा. पंपाचं साधं मॅन्युअल चार वेळा वाचल्याशिवाय सही करायचा नाहीत. आणि इथे कॉपीवाल्याने शाई वाचवली, नावं छापली नाहीत, त्यावरून तुम्ही ठरवून टाकलंत की ती माणसं नव्हतीच.

महिनाभर तुम्ही ती कॅसेट ऐकलीत आणि मग एका शुक्रवारी चहा पिताना सांगून टाकलंत, "यापुढे मी सोलो करणार."

चाचांना गंमत वाटली. "सोलो? मग गिटार काय तोंडानं वाजवणार?"

"कीबोर्ड बुक केलाय. त्यात सगळं येतं, रिदम, गिटार, बास. त्यानेही बँड सोडलाच ना? तुम्ही लोक मला मागे खेचता, यार. आय नीड टू ग्रो."

 चाचांनी कप खाली ठेवला आणि गिटार पिशवीत घातली. "खलास मग," एवढंच म्हणाले. चाची आतून विचारत होत्या की भात आत्ता लावू की थोड्या वेळाने.

साहेब लोकांच्या क्लबमधला तुमचा पहिला सोलो प्रोग्राम मला स्पष्ट आठवतो. आई आणि मी भिंतीजवळच्या टेबलावर होतो. तिसऱ्या गाण्यात ती वरच्या पट्टीतली ओळ आली जिथे तुमचा श्वास नेहमी कमी पडायचा. चाचा तिथे हात हळू करायचे, तुम्ही श्वास घ्यायचात आणि मग दोघं मिळून पुढे जायचात. ऐकणाऱ्याला वाटायचं, गाणंच तसं आहे. कीबोर्ड कशाला थांबतो? तो पुढे निघून गेला, तुम्ही मागे राहिलात, गाणं पकडायला धावलात, आणि लोक उठून जेवणाच्या टेबलांकडे गेले. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं असं मला आज वाटतं. गाडीत तुम्ही आईला म्हणालात, "साउंड सिस्टीम भंगार होती." त्यानंतर तुम्ही कुठेच गायला नाहीत, बाथरूममध्येसुद्धा नाही.

एवढ्यावर थांबला असतात तरी चाललं असतं. माणूस चुकतो. पण प्रोग्रामनंतरच्याच शुक्रवारी नमाज संपवून चाचा आले, गिटार घेऊन, चाचींसकट. जणू काही झालंच नाही अशा तयारीने आले होते ते. तुम्ही बेडरूममध्ये जाऊन बसलात आणि आईला सांगितलंत, मी घरी नाही म्हणून सांग. बाहेर आपली गाडी उभी होती. तुमच्या चपला दारातच होत्या. आईने दार अर्धं उघडलं आणि तुमचं वाक्य म्हटलं, चाचींच्या तोंडाकडे न बघता. चाचींनी हातातला डबा पुढे केला. आईने घेतला नाही, कारण घेतला असता तर त्यांना आत या म्हणावं लागलं असतं. त्यानंतर ते दोघं कधी आले नाहीत. आई तिथे अजून सहा वर्षं राहिली. सामान बकालावाल्याला, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाण्याला, फोन करून मागवायची, तो गोणी दारात ठेवून जायचा, आणि दुपारी ती गॅलरीतल्या तारेवर वाळलेले कपडे पुन्हा पुन्हा झटकत बसायची. तुम्ही तिला विचारायचात, "तुला बोअर होत नाही का गं?" असं विचारताना तुम्हाला काही वाटलं नाही का?

तर शनिवारी तुमच्या नातीने ते कव्हर उलटलं. मागची बाजू बारीक अक्षरांनी भरलेली होती. कोणी काय वाजवलं, सगळ्यांची नावं. तिला त्या बँडची सगळी माहिती आहे, तुमच्यापेक्षाही जास्त. ती वाचता वाचता म्हणाली, "मम्मा, इट्स नॉट इव्हन रिअली सोलो. ड्रम्सवर बँडवालाच आहे. अँड द गिटारिस्ट प्लेज ऑन थ्री साँग्स. दे वेअर स्टिल फ्रेंड्स." मी तिच्या हातातून ते कव्हर घेतलं आणि स्वतः वाचलं, दोनदा. तुमच्या गायकाने बँड सोडला होता बाबा, मित्र सोडले नव्हते. श्वास कमी पडेल तिथे थांबणारी माणसं तो सोबत घेऊन गेला होता. तुम्ही मात्र एका कोऱ्या कागदावर भरवसा ठेवून आमचे शुक्रवार घालवलेत, आईची एकुलती मैत्रीण घालवलीत, आणि शेवटपर्यंत असे वावरलात जणू जगानेच तुमच्यावर अन्याय केला. "व्हाय आर यू क्रायिंग?" असं पोरीने विचारलं तेव्हा मी एसीला दोष दिला. तुमचीच मुलगी.

रेकॉर्ड मी विकत घेतली नाही. घरी आल्यावर आईला व्हिडिओ कॉल केला, ती आता पुण्याला मामाकडे असते. तिला हे सांगायचं मनात होतं. ती म्हणाली, गुडघा दुखतोय, इथल्या बायका बऱ्या आहेत पण बोलायला तसं कोणी नाही. मी म्हटलं, डॉक्टरकडे जाऊन ये. पुढे बोलले नाही.

ते का बोलले नाही हे मी तिला सांगू शकत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. तुम्ही दुबईच्या हॉस्पिटलमध्ये होतात, शेवटच्या आठवड्यात, तेव्हा एका दुपारी माझ्या मोबाइलवर चाचांचा फोन आला होता. कोणाकडून तरी त्यांना कळलं होतं. आवाज म्हातारा झाला होता, पण पटकन ओळखू आला. म्हणाले, "बेटा, आम्ही दोघं शारजात आहोत, लेकाकडे. अर्ध्या तासात पोचतो. तुझ्या बाबाला विचार, येऊ का?" तुम्ही समोरच होतात, जागे होतात. मी तुम्हाला विचारलं नाही. बाबा कोणाला भेटत नाहीत म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला. तुम्हाला दगदग नको म्हणून तसं केलं असं मी स्वतःला बारा वर्षं सांगत आले. ते खोटं आहे. चाचा तुम्हाला परत मिळावेत असं मला वाटत नव्हतं, एवढंच. आई तेव्हा खाली कँटीनमध्ये चहा घ्यायला गेली होती, तिला आजतागायत काही माहीत नाही. तुम्ही मान वळवून विचारलंत, कोणाचा फोन होता, आणि मी म्हटलं, ऑफिसचा.