उजवा स्पीकर, डावा स्पीकर आणि मध्ये तुम्ही

तीर्थरूप बाबांना,

जावयाचा साष्टांग नमस्कार. (नमस्कार अगदी खराखुरा आहे, काल बराच वेळ मी टेबलामागे त्याच अवस्थेत होतो.) तुमचा गुडघा कसा आहे? गोळ्या वेळेवर घेता ना? इकडे आम्ही दोघं मजेत आहोत, आणि 'दोघं' हा शब्द बऱ्याच दिवसांनी लिहिताना फार बरं वाटतंय.

काल तुम्ही मला फोन केलात, तो तुमच्या लेकीनं उचलला, ती खो खो हसली आणि तिनं तो ठेवून दिला. तुम्ही चक्रावला असाल, म्हणून हा खुलासा. आमच्या अबोल्याचं मूळ तुम्हाला ठाऊकच आहे: खिडकीजवळचं तिचं शिलाई मशीन मी न विचारता पॅसेजमध्ये हलवलं. पण माझाही नाइलाज होता हो! ज्या बाई माझ्याकडे पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतात, त्यांनी कळवलं होतं की माझ्या रेकॉर्डिंगमध्ये त्या कोपऱ्यात शिक्षा भोगत बसल्यासारख्या वाटतात, आणि पुन्हा असं झालं तर काम दुसरीकडे. दोष स्पीकरांचा. डावा मोठ्यानं बोलायचा, उजवा दबून, म्हणून मी बिचाऱ्या बाईंना उजवीकडे ढकलत राहिलो. दोन्ही स्पीकर माझ्या कानांपासून सारख्या अंतरावर हवेत, आणि नेमकं त्याच जागी मशीन! तेव्हापासून 'मीठ संपलंय' हेसुद्धा ती तुम्हाला फोन करून सांगायची आणि तुम्ही मला. (तुम्ही दोनदा सांगितलंत, मी दोनदा आणलं.)

आता आवाज जुळवायचा म्हणजे एका वेळी एकच स्पीकर लावायचा, त्यातून एकसुरी 'शूऽऽ' सोडायचा, खुर्चीत कानाच्या उंचीवर मोबाइल धरून आवाजाचा आकडा वाचायचा, आणि दुसऱ्या स्पीकरचं बटण पिरगाळून तोच आकडा आणायचा. बटण मात्र पाठीमागे. म्हणजे आकडा खुर्चीत आणि बटण भिंतीकडे. मी टेबलामागे शिरलो (पोट थोड्या वेळानं शिरलं), माझा मोबाइल खुर्चीवर ठेवला आणि कुणी आकडा वाचेल का, अशी हवेत विनंती केली. तुमची लेक आली, माझा मोबाइल हातात घेऊन बसली आणि तिनं आकडा वाचला. तुम्हाला. स्वतःच्या फोनवरून! तुम्ही तत्परतेनं मला कळवायला फोन लावलात, तो वाजला तिच्याच हातात. मोजणं बंद पडलं आणि तुम्ही तिचाच निरोप तिला सांगू लागलात. "बाबा, मीच आहे!" म्हणत ती जी हसत सुटली, ती थांबेचना.

मग ती थेट मलाच म्हणाली, "वाढव. अजून. अरे, जास्त झालं, जरा कमी कर. बस!" खरं सांगतो बाबा, दिवसभर मी लोकांचे आवाज खालीवर करतो, पण घरात हवा असलेला एक आवाज काही केल्या मिळत नव्हता. डोळ्यांत पाणी आलं. (धूळही होती.) मी अडकलोय हे बघून तिनं तहाची बोलणी तिथंच उरकली: मशीन खिडकीशी परत, मगच हात देणार. मी मुकाट्यानं कबूल झालो. स्पीकर समोरच्या भिंतीला नेले, दोघांनी मिळून सगळं पुन्हा जुळवलं, बाई मधोमध आल्या आणि काम वाचलं. तेव्हा निरोप्याच्या कामातून आता तुम्हाला सुट्टी.

तुमचा,
जावई

ता.क. सुट्टीचं काही मनावर घेऊ नका. रात्री जेवताना तुमच्या लेकीनं कबूल केलं की तिचा राग दुसऱ्याच दिवशी गेला होता. पण आई गेल्यापासून फोनवर 'हं, ठीक आहे' एवढंच म्हणणारे तुम्ही या भांडणात हसायला, रागवायला, आम्हा दोघांना फैलावर घ्यायला लागलात, म्हणून तिनं अबोला लांबवला. हे तुम्हाला कळू द्यायचं नाही, अशी तिनं मला शपथ घातली आहे. फोनवर ती शेजारीच असते, म्हणून पत्र.

आणखी ता.क. तर येत्या रविवारी आमचं पुन्हा कडाक्याचं भांडण होणार आहे. फोन चार्ज करून ठेवा. कारण अजून ठरलेलं नाही. तुम्हाला काही सुचत असेल तर कळवा.